सांगलीतली मोकळी जागा

मला सरळ रेषेचं वेड आहे. घरी पोळी वेडीवाकडी लाटली गेली तर मी बोलत नाही. पण ते माझ्या लक्षात येतं, आणि माझ्या लक्षात आलं आहे हे कुटुंबाच्या लक्षात येतं. अशा माणसाने ओव्हरसीयर व्हायचं नाही तर काय व्हायचं? मी मूळचा नाशिकचा, नोकरी पुण्यात, आणि इतकी वर्षं दुसऱ्याच्या हातातल्या साखळीचं दुसरं टोक धरून जमिनी मोजत आलेला. त्यामुळे पौषातल्या एका सकाळी साहेबांनी बोलावलं तेव्हा वाटलं, पुन्हा कुणाचं तरी टोक धरायला जायचं असेल.

साहेब म्हणाले, "खाजगी सर्व्हिस मोटारी जाऊन आता सरकारच्या गाड्या येणार. साताऱ्याला आणि सांगलीला भर गावात नवे स्टँड हवेत. सांगलीचं संस्थान आता आपल्यात आलंय, तिथलं कामही आपलंच. तुम्ही एकटे जा. जागा बघा, मोजा आणि रिपोर्ट टाका."

एकटे! मी घरी येऊन हा शब्द तीनदा उच्चारला. कुटुंबाने दशम्या बांधून दिल्या, मी साखळी, नकाशा काढायचा फळा, दोरीचा गुंडा आणि दीड दीड हाताच्या बारा लोखंडी खुंट्या बांधून घेतल्या. दशम्यांपेक्षा खुंट्यांचं गाठोडं जड झालं.

सातारा

साताऱ्यात पहिलं पाऊल पडलं ते उतारावर, आणि दुसरंही. या गावाला सपाट म्हणून काही ठाऊकच नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला जे गाव घसरायला लागतं ते खाली नाक्याशी येऊनच दम घेतं. नाशिकच्या माणसाला घाटाच्या पायऱ्या नव्या नाहीत, पण सबंध गावच जिना असावा हे मला नवं होतं.

मोटारी एका चहाच्या हॉटेलासमोर उभ्या राहत. मोटार थांबली की आधी क्लीनर उडी मारी आणि मागच्या चाकाखाली धोंडा लावी. मग ड्रायव्हर ब्रेकवरचा पाय काढी, मग उतारू उतरत. हा क्रम कधी चुकत नसे. प्रत्येक मोटारीचा धोंडा ठरलेला होता. मला हे ठाऊक नव्हतं. मी आपला बसायला बरा म्हणून एका धोंड्यावर टेकलो आणि वही उघडली.

"आवं सायेब, उठा उठा! त्यो मेढ्याच्या गाडीचा धोंडा हाय!"

मी उठून बघतो तर धोंड्याला शेंदूर लावलेला, आणि त्यातला बराचसा आता माझ्या पाटलोणीला. ओरडणारा गृहस्थ खाकी कोट घातलेला, मिशा पिळलेला, पाठ अशी ताठ की मला त्याच्यावरून ओळंबा सोडावासा वाटला. लोक त्याला हवालदार म्हणत. मेढ्याजवळच्या गावचा, लढाई संपल्यावर पेन्शनीत निघालेला. मोटारीशी त्याचा काही संबंध नव्हता. पण रोज खाली यायचं, मेढ्याच्या माणसांना रांगेत उभं करायचं, म्हाताऱ्यांना पुढे बसवायचं आणि मोटार सुटली की सलाम ठोकायचा, हे काम त्याने स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

मी कशाला आलो ते कळताच त्याने माझी साखळी उचलली. "चला, फुडचं टोक मी धरतो."

इतकी वर्षं मी ज्यांचं टोक धरलं त्यांना कसं वाटत असेल ते मला त्या दोन दिवसांत कळलं. छान वाटतं!

दुपारी हवालदार मला बहिणीच्या घरी घेऊन गेला. आमच्या नाशकाकडे पाहुण्याला "जेवणार ना?" असं विचारायची पद्धत आहे, आणि पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं असतं. इथे मी पहिलं 'नको' म्हणेपर्यंत पुढ्यात नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि फोडलेला कांदा आला होता. बाई म्हणाल्या, "नगं काय म्हनता, मोजाय ताकत नगं का?" मी अडीच भाकऱ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी कोणी न बोलावता जेवणाच्या वेळी तिथे हजर झालो.

नाक्याच्या जरा वर एक चौकोनी जागा मला पसंत पडली होती. आजूबाजूला दाट घरं आणि मध्ये हा मोकळा तुकडा, जणू माझ्यासाठीच राखून ठेवलेला. मी खुंट्या काढल्या, तर हवालदार साखळी टाकून उभाच.

"ही जागा मोकळी का ऱ्हायली, ते इचारलं का कुनाला?"

"का म्हणजे? कुणी बांधलं नाही म्हणून."

"का न्हाई बांधलं?" तो म्हणाला. "सायेब, लढाईत मोकळं रान दिसलं की आमी थांबायचो. धावत सुटला त्यो ग्येला. खाली सुरुंग असायचं."

"अहो, साताऱ्यात कसले सुरुंग?"

त्याने शेजारच्या ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या म्हाताऱ्याला हाक मारली. म्हाताऱ्याने सांगितलं की पावसाळ्यात किल्ल्यावरचं सगळं पाणी याच तुकड्यातून धावतं, गुडघाभर. मागे एकाने इथे भिंत घातली होती ती वाहून खाली नाक्यावर गेली. मी मुकाट्याने खुंट्या बांधल्या आणि हाकेच्या अंतरावरची उंचवट्याची जागा मोजली. साताऱ्याचा रिपोर्ट त्यामुळे इतका चांगला झाला की तो वाचताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. त्यात हवालदाराचं नाव घालायचं मात्र राहून गेलं.

निघताना त्याने कंदी पेढ्यांचा पुडा हातात दिला आणि मलाही सलाम ठोकला. मी गोंधळून नमस्कार केला.

सांगली

कऱ्हाड, इस्लामपूर करत मोटार कृष्णेच्या पुलावर आली आणि धुळीने भरलेल्या माझ्या नाकाला एकदम हळदीचा वास आला. आमच्याकडे हळद म्हणजे फोडणीतली चिमूट. इथे पेठेत पोत्यांच्या थप्प्या, हमालांच्या पाठी पिवळ्या, रस्त्यावरची धूळ पिवळी, एक पांढरं कुत्रं होतं तेही पिवळं. एखाद्या सबंध गावाला लग्नाची हळद लागावी तसं ते दिसत होतं. मला सांगली पाहताक्षणी आवडली. जमीन सपाट! धोंड्याचं नाव नाही!

उतरलो एका काकूंच्या खाणावळीत. भरली वांगी अशी की देठसुद्धा चोखावं. सांगलीचं वांगं आपल्या वांग्याहून वेगळं, काटेरी देठाचं आणि लोण्यासारखं शिजणारं. पण चटणीचा हात सढळ. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकू म्हणाल्या, "नाशिककर, ताक घ्या, रडू नका."

गावात दोन जागा होत्या. एक पेठेला लागून. चिंचोळी, तिरक्या कोपऱ्यांची, मध्येच एक मोडकी शेड आणि दोन चिंचा. ती पाहूनच मला कसंसं झालं. दुसरी पेठेपासून दहा मिनिटांवर, हरिपूरच्या रस्त्याला. तिचं काय सांगू! सपाट, काटकोनी, एक झाड नाही, एक झोपडी नाही, नांगराचा ओरखडा नाही. कडेला फक्त एक जुनं चिंचेचं झाड आणि त्याखाली बसलेला एक म्हातारा. मी त्या मैदानाकडे पाहत राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला जमिनीवर प्रेम बसलं.

हवालदाराचं वाक्य मला आठवलं नाही असं नाही. आठवलं, म्हणून मी कचेरीत गेलो आणि कारकुनाला विचारलं. त्याने दप्तर उघडून बोट ठेवलं : पडीक. झालं तर मग! विचारलं, उत्तर मिळालं. चिंचेखालच्या म्हाताऱ्याला विचारायचं काही माझ्या मनात आलं नाही. त्याच्याकडे दप्तर नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी एकट्याने साखळी ओढून सबंध मैदान मोजलं आणि बाराही खुंट्या ठोकल्या. एका खुंटीला तर दोनच ठोके लागले, लोण्यात सुरी जावी तशी गेली. मी वहीत लिहिलं : माती भुसभुशीत, पाया खणण्यास सोपी. आणखी एक गंमत मी टिपून ठेवली. नदीकडे जाणाऱ्या बायका घागरी घेऊन या मैदानापर्यंत यायच्या आणि सरळ पलीकडे जायचं सोडून कडेकडेने भलामोठा वळसा घालायच्या. बैलगाड्याही तसंच. मी रिपोर्टात एक वाक्य घातलं, त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला : 'येथील लोकांस सरळ वाटेने जाण्याची सवय नाही, स्टँडमुळे ती लागेल.' दुपारी रिपोर्ट आणि बारा खुंट्यांचा नकाशा पोस्टात टाकला, 'सर्वोत्तम जागा' खाली दोन रेघा ओढून. संध्याकाळी नदीकाठी बसून भडंग खाल्लं आणि तिखटाने नाक पुसत साहेब कसे खूष होतील याची चित्रं रंगवली.

शुक्रवारी

सकाळी शेवटची नजर टाकायला गेलो तर मैदानात एकही खुंटी नाही. सगळ्या उपटून चिंचेखाली ओळीने मांडून ठेवलेल्या, आणि ओळ, मी कबूल करतो, अगदी सरळ. शेजारी तो म्हातारा.

मी तावातावाने गेलो. "या कुणी काढल्या? सरकारी खुंट्या आहेत!"

"मीच काडल्या," तो शांतपणे म्हणाला. "बसा. अदुगर ही बघा."

त्याने एक खुंटी उचलून माझ्या हातात दिली. टोक पिवळं होतं. मी नाकाशी नेली. हळद.

म्हाताऱ्याचं नाव बाळाप्पा. तो म्हणाला, "तुमी ज्या जाग्याला मोकळी म्हनता, ती गळ्यापतोर भरलेली हाय. ह्या रानात पेवं हायती, सायेब. हळदीची."

पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड माणूस शिरेल एवढंच, आत मात्र रांजणासारखी पोट सुटलेली. आतून उसाच्या पाचटाने मढवतात, गळ्यापर्यंत हळकुंडं भरतात, वर पुन्हा पाचट आणि त्यावर हातभर माती. मग वरून काही दिसत नाही. आत हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. काढायची वेळ आली की तोंड उघडून वारा खेळू द्यायचा, कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर माणसाने उतरायचं नाही. हे सगळं त्याने मला पोराला समजवावं तसं सांगितलं.

"पण खूण कुठे आहे? दगड, खांब, काही?"

"खून केली तर चोरालाबी दिसंल की." तो हसला. "मालकालासुदिक ठावं नसतंय. त्यो हळद आनून देतो, मी पुरतो. कुटं, ते माज्या पावलात हाय. माज्या बापाच्या पावलात हुतं, आज्याच्या पावलात हुतं. ह्या चिंचंपासनं मोजायचं." आणि किती पावलं ते न सांगता थांबला.

मी मैदानाकडे पाहिलं. तेच मैदान, पण आता पाय टाकायची छाती होईना. काल मी तिथे जड बूट घालून सकाळभर नाचलो होतो! जिथे मी वीस मोटारी रांगेने उभ्या करणार होतो तिथे खाली सगळ्या पेठेची हळद होती. घागरी घेतलेल्या बायका वळसा घालत होत्या आणि मी त्यांना सवय लावायला निघालो होतो.

"हितं मोटारी आल्या," बाळाप्पा म्हणाला, "तर पेवं ढासळली. पेवं ग्येली म्हंजी मी कशाला ऱ्हायलो? दुसरं कायबी येत न्हाई मला. चालाय येतंय, एवडंच."

एवढ्यात त्याची सून न्याहारी घेऊन आली. डोक्यावर पाटी, आणि चाल अशी की मी नकळत मोजू लागलो. पाऊल न् पाऊल सारखं! माझी साखळीसुद्धा इतकी इमानी नाही. बाळाप्पाच्या लक्षात आलं. "लेक माधवनगरच्या मिलात ग्येला. त्याला भोंग्याची चाल लागली, पळतोय नुस्ता. म्हनून सुनंला शिकीवली. चार वरसं लागली पाऊल बसाया."

सून म्हणाली, "आता बाजारात ग्येले तरी तसंच पडतंय. बाया हसत्यात."

तिने पाटीतली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी निम्मी मला वाढली. ज्याच्या पेवात मी खुंटी घातली त्याचीच भाकरी मी कशी खायची? तसं मी बोलून दाखवलं. बाळाप्पा म्हणाला, "खावा. चूक हुतीया. पोटाला कशापायी शिक्शा?"

न्याहारीनंतर खुंटीने पाडलेलं भोक बुजवायचं होतं. बाळाप्पाने मला बरोबर घेतलं. त्याने पावलं टाकली, मी मागून; मोजायचं नाही असं ठरवून मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत गेलो. एका ठिकाणी त्याने माती उकरली, ओलसर पाचट बाजूला केलं आणि हात खुपसून मूठभर हळकुंडं वर काढली. त्या अंधाऱ्या भोकातून ऊब आणि वास असा वर आला की मी डोळे मिटले. जमिनीच्या पोटात एवढं सोनं असतं आणि आपण वर पडीक लिहितो! सुनेने चिखल कालवून आणला, बाळाप्पाने थापला आणि मला म्हणाला, "तुमचा पाय द्या." मी बूट काढला आणि अनवाणी पायाने ती माती दाबली.

"आता तुमाला एक तोंड ठावं झालं," तो म्हणाला. "भायेरच्या मानसाला कवा दावलं न्हवतं. इसरून जावा."

"विसरलो."

त्याने मान हलवली. "असं लगीच न्हाई इसरत मानूस. कुनी इचारलं की मग कळतंय, इसरला का न्हाई."

पुणे

रविवारचा दिवस मी त्या तिरक्या कोपऱ्यांच्या जागेत घालवला. पेठेतल्या चार माणसांना विचारून पाहिलं, इथे पाणी भरतं का, खाली काही पुरलंय का. त्यांना मी वेडा वाटलो. जागा चांगली निघाली. चिंचा न तोडता मोटारी वळतील असा आराखडा बसला, फक्त एकही रेघ सरळ राहिली नाही.

मंगळवारी साहेबांसमोर उभा राहिलो तेव्हा माझा गुरुवारचा रिपोर्ट टेबलावर उघडा होता.

"सर्वोत्तम, दोन रेघा," साहेब म्हणाले. "आणि आता म्हणता नामंजूर करा?"

मी खुंटी टेबलावर ठेवली. त्यांनी टोक निरखलं, वास घेतला आणि चष्म्यावरून पाहिलं. मी पेवांची हकिगत सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते, आणि मला धीर येत चालला होता, तोच ते म्हणाले, "मग सोपं आहे. पेवं कुठे कुठे आहेत ते नकाशावर दाखवा. मधल्या जागेत स्टँड बसवू. नाहीतर म्हाताऱ्याला नोटीस काढून विचारून घेऊ."

त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं, म्हणूनच मी घाबरलो. कागदावर एक टिंब पडलं की दुसरं पडणार, आणि मग त्या सुनेची चार वर्षं कुणाच्याही खिशात घडी करून जाणार.

"मला दाखवता येणार नाहीत, साहेब."

"सगळी नकोत. एक दाखवा." त्यांनी माझ्याच नकाशावरच्या बारा खुंट्यांवरून पेन्सिल फिरवली. "यातल्या कोणत्या खुंटीचं टोक हे? त्यावरून बाकीच्यांचा अंदाज येईल."

पेन्सिल एकेका खुंटीवर थांबत होती. मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"आठवत नाही, साहेब."

"तुम्हाला? अहो, खुंटी तुम्ही ठोकलीत!"

"हो. पण कोणती, ते आठवत नाही."

ऑफिसात कुणाच्या टेबलाचा पाय बोटभर आखूड आहे ते मी न मोजता सांगतो हे साहेबांना ठाऊक होतं. शेवटी त्यांनी पेन्सिल ठेवली. "म्हणजे पेवं किती, कुठे, काहीच माहीत नाही. मग एवढी मोठी गाडी कुठल्या भरवशावर उभी करायची? राहू द्या ती जागा. तुमच्या वाकड्या जागेचे कागद आणा." मी कागद पुढे केले. त्यांनी सही केली, आणि मी वळल्यावर मागून म्हणाले, "खुंटी इथेच ठेवा. वास बरा आहे."

सांगलीचा स्टँड पेठेतच व्हायचा ठरला. माझ्या नोकरीच्या कागदांत मात्र त्या दिवशी एक शेरा पडला, तो मला पुढे कारकुनाने हळूच दाखवला : 'कामात चोख, परंतु विसराळू.' मी घरी येऊन तो कुटुंबाला वाचून दाखवला, तर ती हसतच सुटली. म्हणाली, "तुम्ही, आणि विसराळू? लग्नात माझ्या मुंडावळ्या कोणत्या बाजूला कलल्या होत्या ते अजून ऐकवता."

तिचं खरं आहे. मेढ्याच्या धोंड्याचा शेंदूर माझ्या पाटलोणीवर कुठे लागला होता ते मला आठवतं, काकूंच्या वांग्यात कूट किती होता ते आठवतं, बाळाप्पाची सून चिंचेपर्यंत भाकरी घेऊन कशी चालत आली तेही आठवतं. म्हणून तर एवढं लिहू शकलो. ती खुंटी तेवढी कोणती होती, ते काही केल्या आठवत नाही.